नांगराला नांगर लागतो तेव्हा : समुद्र आटवून केलेल्या शेतांत जहाजे कशी सापडतात?

मराठीत जमीन उकरणाऱ्या अवजाराला नांगर म्हणतात आणि जहाजाला एका जागी धरून ठेवणाऱ्या लोखंडी आकड्यालाही नांगरच म्हणतात. एक शेतकऱ्याचा, दुसरा खलाशाचा. या दोघांची गाठ पडण्याचे एरवी काही कारण नसते. नेदरलँड्समधील फ्लेव्होलांड या प्रांतात मात्र ती अनेकदा पडली आहे. गहू, बटाटा, कांदा आणि साखरबीट पिकवणाऱ्या त्या सपाट शेतांच्या खाली आजवर ४०० हून अधिक जहाजांचे अवशेष सापडले असून, त्यांतील सर्वांत जुने तेराव्या शतकापर्यंत मागे जातात.

या उत्खननांची छायाचित्रे पाहणारा माणूस प्रथम गोंधळतो. दूरवर सरळ रेषेत लावलेली झाडे, मधोमध खणलेला खड्डा आणि त्या खड्ड्यात बरगड्यांसारख्या वर आलेल्या ओकच्या लाकडांचा सांगाडा, असे ते दृश्य असते. एखाद्या महापुराने जहाज इथवर वाहत आणले असेल, किंवा इथून पूर्वी मोठी नदी वाहत असेल, असे तर्क साहजिकच मनात येतात. प्रत्यक्षात जहाज बुडाले त्याच जागी आहे. बदलली आहे ती त्याच्या भोवतालची सृष्टी. ती कशी बदलली, इतकी शतके लाकूड कसे टिकले, आणि ज्या कामामुळे ही जहाजे उजेडात आली त्याच कामामुळे ती आता नष्ट का होऊ लागली आहेत, हे क्रमाने पाहू.

समुद्राच्या जागी शेत कसे आले?

कोकणातील आणि गोव्यातील वाचकांना याची मूळ कल्पना नवी नाही. खाडीच्या काठी बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे, बांधात उघाडी ठेवायची, ओहोटीला आतले पाणी त्या उघाडीतून बाहेर जाऊ द्यायचे आणि भरतीला ती आपोआप मिटेल अशी व्यवस्था करायची, ही खारबंदिस्ती आपल्याकडे अनेक पिढ्या चालत आली आहे. गोव्यात अशा जमिनीला खाजण म्हणतात आणि उघाडीला मानस. नेदरलँड्समध्ये बांध घालून पाण्यापासून मिळवलेल्या अशा जमिनीला ‘पोल्डर’ म्हणतात. फरक इतकाच, पण तो फार मोठा आहे, की आपल्या खाजणातले पाणी ओहोटीबरोबर स्वतःच्या वजनाने निघून जाते, तर फ्लेव्होलांडची जमीन समुद्रपातळीच्या साधारण ३ ते ५ मीटर खाली असल्यामुळे तिथले पाणी पंपाने उपसून बाहेर काढावे लागते. हा उपसा एकदाच करून भागत नाही. पाऊस पडतो, जमिनीखालून पाझर येतो, त्यामुळे पंप आजही चालू आहेत.

या जागी पूर्वी ‘झाउडरझे’, म्हणजे दक्षिणेचा समुद्र, नावाचे उत्तर समुद्राचे एक उथळ आखात होते. मध्ययुगातील वादळी भरतींनी जमीन खात खात आधीच्या सरोवराचा विस्तार केला आणि त्याला समुद्राशी जोडून टाकले. त्याची खोली बहुतेक ठिकाणी चार-पाच मीटरच होती, म्हणजे दुमजली घराची गच्चीसुद्धा त्यात पूर्ण बुडाली नसती. हे आखात बंद करण्याची सविस्तर योजना कॉर्नेलिस लेली या अभियंत्याने १८९१ मध्ये मांडली. पुढे ते मंत्री झाले, जानेवारी १९१६ मध्ये वादळी भरतीने आखाताभोवतीचे बांध फुटून मोठी हानी झाली, आणि १९१८ मध्ये त्यांच्या योजनेचा कायदा झाला. मुख्य बंधाऱ्यातली शेवटची फट २८ मे १९३२ रोजी बुजवण्यात आली. सुमारे ३२ किलोमीटर लांबीचा हा ‘आफस्लाउटडाइक’ पूर्ण झालेला पाहायला लेली नव्हते. ते १९२९ मध्येच वारले होते.

बंधाऱ्याच्या आत अडकलेले पाणी नद्यांमुळे काही वर्षांत गोडे झाले आणि त्या गोड्या सरोवरात एकामागून एक रिंगणासारखे बांध घालून आतले पाणी उपसले गेले. १९४२ मध्ये नोर्डओस्टपोल्डर, १९५७ मध्ये पूर्व फ्लेव्होलांड आणि १९६८ मध्ये दक्षिण फ्लेव्होलांड कोरडे झाले. या तिघांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे १,४५० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या दुपटीहून अधिक भरते. १९८६ मध्ये त्याचा स्वतंत्र प्रांत झाला आणि लेलींच्या नावाचे लेलीस्टाड त्याची राजधानी ठरले.

या बदलाची सर्वांत बोलकी खूण म्हणजे स्खोकलांड. ते समुद्रातले चिंचोळे बेट होते, लाटा त्याचे काठ सतत खात होत्या, आणि अखेर १८५९ मध्ये सरकारने तिथल्या लोकांना घरदार सोडून मुख्य भूमीवर जायला लावले. आज ते बेट शेतांच्या मधोमध असलेला एक उंचवटा आहे, आणि ज्या धक्क्याला एकेकाळी होड्या लागत तिथून नजर जाईल तिथवर पिके दिसतात. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९९५ मध्ये नोंदवलेले हे नेदरलँड्समधील पहिले स्थळ.

पण एवढी जहाजे तिथे बुडाली तरी कशी?

चार-पाच मीटर पाण्यात जहाज बुडते हे अनेकांना पटत नाही. उथळ पाणी सुरक्षित असते असा आपला समज असतो. परातीत पाणी भरून ती दोन्ही हातांनी उचलून चालून पाहावे. विहिरीतले पाणी वाऱ्याने फारसे हलत नाही, पण परातीतले पाणी जरा धक्का लागताच हिंदकळून काठाबाहेर पडते. उथळ आखातात वारा सुटला की लाटा आखूड, उभ्या आणि एकापाठोपाठ एक येतात. जहाज एका लाटेतून सावरते न सावरते तोच दुसरी आदळते. त्यात तळाशी वाळूचे दांडे असतात. भरलेले जहाज दांड्यावर टेकले, की लाटा त्याला तिथेच आपटत राहतात.

शिवाय वर्दळही प्रचंड होती. आम्सटरडॅमहून उत्तर समुद्राकडे जाणारी गलबते शतकानुशतके याच आखातातून जात; उत्तर हॉलंडचा कालवा १८२४ मध्ये आणि उत्तर समुद्र कालवा १८७६ मध्ये खुला होईपर्यंत आम्सटरडॅमच्या मोठ्या जहाजांना दुसरी सोयीची वाट नव्हती. कांपेन, होर्न, एंकहाउझन, हार्डरवाइक ही काठावरची व्यापारी बंदरे होती. लांब पल्ल्याच्या जहाजांच्या अवतीभवती मासेमारी करणाऱ्या, सरपणासाठी दलदलीतले वाळवलेले पीट वाहणाऱ्या, विटा नेणाऱ्या आणि ठरल्या वेळी गावोगावी माणसे व सामान पोहोचवणाऱ्या होड्यांची अखंड ये-जा असे. एखाद्या हमरस्त्यावर सहाशे वर्षांत जितके अपघात होतील तितके इथे झाले, इतकेच; फक्त रस्त्यावरचे मोडके वाहन कोणीतरी उचलून नेते आणि इथली जहाजे मऊ गाळात रुतून राहिली.

लाकूड कुजून का गेले नाही?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातल्या लोणच्याच्या बरणीत आहे. लोणच्यावर तेल चार बोटे वर असले पाहिजे असे घरातली मोठी माणसे सांगत. तेलाखालची फोड वर्षभर टिकते, आणि तेलाबाहेर डोकावणाऱ्या फोडीला बुरशी धरते, कारण बुरशीला हवा लागते. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचेही तसेच आहे. बुडालेले जहाज गाळात जसजसे खाली जाते तसतसा त्याच्या लाकडाचा प्राणवायूशी संबंध तुटतो. गाळाखाली प्राणवायूशिवाय जगणारे काही जीवाणू असतात, पण त्यांचे काम इतके संथ चालते की शतके लोटली तरी लाकडाचा आकार कायम राहतो. म्हणूनच सापडणारे जहाज बहुधा अर्धेच असते: तळ आणि कललेली एक बाजू शाबूत, आणि गाळाबाहेर राहिलेले सारे लाटांनी, बर्फाने व मासेमारीच्या जाळ्यांनी ओरबाडून नेलेले.

दुसरा शत्रू म्हणजे खाऱ्या पाण्यातली समुद्री वाळवी. नाव वाळवी असले आणि दिसायला ती अळीसारखी असली तरी ती शिंपल्यांच्या कुळातली आहे आणि लाकडात बोगदे खणत जाते. १७३१ मध्ये नेदरलँड्सच्या बांधांना आधार देणाऱ्या लाकडी खांबांची तिने अशी चाळण केली, की तेव्हापासून बांधांना दगडांचे संरक्षण द्यावे लागले. झाउडरझेत नद्यांचे गोडे पाणी मिसळत असल्याने तिचा उपद्रव खुल्या समुद्राइतका नसे, आणि गाळाखाली गेलेल्या लाकडापर्यंत तर ती पोहोचूच शकत नाही. उष्ण आणि खाऱ्या अरबी समुद्रात उघड्यावर पडलेले लाकूड इतके दिवस टिकत नाही, याचे एक मोठे कारण हीच वाळवी आहे.

शेतात ती सापडतात कशी?

पाणी उपसून झाले की खाली राहतो तो पाय रुतवणारा चिखल. तो वाळावा आणि त्यात तण माजू नये म्हणून फ्लेव्होलांडमध्ये विमानांतून लव्हाळ्याचे बी पेरले गेले; लव्हाळा पाणी शोषून घेतो आणि मुळांनी चिखल मोकळा करतो. मग चर आणि गटारे खणली गेली. नव्या जमिनी लगेच शेतकऱ्यांना न देता पहिली काही वर्षे सरकारने स्वतः कसल्या, आणि या काळात शेतांत ठराविक अंतरांवर पाण्याचा निचरा करणारे चर पाडले गेले. मला या साऱ्या कथेतील सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते. समुद्राच्या तळाचा शोध घेताना पाणबुडे जिथे संशय असेल तिथेच उतरतात. इथे मात्र समुद्राचा शेकडो चौरस किलोमीटर तळ, शेतीसाठी म्हणून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पद्धतशीर खणला गेला. चर खणणाऱ्या मजुरांचे फावडे ओकच्या लाकडावर आदळले की ते कळवत आणि संशोधक येऊन नोंद करत.

नोर्डओस्टपोल्डरचे काम तर जर्मनांच्या ताब्यातील देशात, दुसरे महायुद्ध चालू असताना झाले, आणि सक्तीच्या मजुरीसाठी जर्मनीत नेले जाऊ नये म्हणून लपलेल्या अनेक तरुणांनी त्या ओसाड जमिनीवर फावडे हाती घेतले होते. पी. जे. आर. मोडरमान आणि त्यांच्यानंतर जी. डी. फान डर हायडे यांनी या शोधांची शास्त्रीय नोंद सुरू केली. जहाजांची मूळ नावे क्वचितच कळतात, त्यामुळे त्यांना शेताच्या गटाचे अक्षर आणि क्रमांक हेच नाव मिळते: ‘एम १०७’, ‘क्यू ७५’. आपल्या सातबाऱ्यावरच्या गट क्रमांकाने एखाद्या जहाजाला ओळखावे तसे. त्याच मातीत महायुद्धात कोसळलेली विमानेही निघाली. द्रोंटन या गावात मारल्या गेलेल्या वैमानिकांचे स्मारक म्हणून अशाच एका विमानाचा पंखा उभा केला आहे.

जहाजाचे वय कसे ठरवतात?

जहाजाला दोन तारखा असतात, बांधल्याची आणि बुडाल्याची, आणि त्या वेगवेगळ्या मार्गांनी शोधाव्या लागतात. बांधल्याची तारीख लाकूडच सांगते. थंड प्रदेशातील झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढते. चांगल्या वर्षाचे रुंद, वाईट वर्षाचे अरुंद. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रातल्या गावोगावी एकाच वेळी आठवला जातो, तसेच एका प्रदेशातील सगळ्या झाडांच्या अंगावर तीच वाईट वर्षे त्याच क्रमाने कोरलेली असतात. आजच्या झाडांपासून सुरुवात करून जुन्या घरांच्या तुळयांपर्यंत वलयांचे हे क्रम एकमेकांत गुंफत मागे नेले, की शतकानुशतकांची एक पट्टी तयार होते. जहाजाच्या फळीतला क्रम त्या पट्टीवर सरकवत नेला आणि तो एका जागी तंतोतंत जुळला, की झाड केव्हा तोडले हे कळते. सालीपर्यंतची वलये शाबूत असतील तर उत्तर वर्षापर्यंत नेमके येते. नसतील तर अंदाज द्यावा लागतो. अनेकदा ते झाड कोणत्या प्रदेशात वाढले हेही उमगते.

बुडाल्याची तारीख आतल्या वस्तूंवरून काढतात. पेटीत सापडलेल्या नाण्यांपैकी सर्वांत नवे नाणे ज्या वर्षाचे असेल त्याआधी जहाज बुडाले असणे शक्य नाही. मातीच्या चिलमींचा आकार आणि त्यांवरची कारागिराची खूण दर काही दशकांनी बदलत गेली, त्यामुळे त्याही कामी येतात. मध्ययुगीन जहाजांत फळ्यांच्या फटी शेवाळाने बुजवून त्यावर लाकडी पट्टी ठेवत आणि ती लहान लोखंडी पाकळ्यांनी ठोकून बसवत. एका जहाजात अशा शेकडो पाकळ्या असतात आणि त्यांचा आकार काळानुसार बदलत गेल्याने निव्वळ त्यांच्यावरूनही जहाजाचे शतक सांगता येते.

त्यांत सोनेनाणे सापडले का?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि उत्तर बहुधा निराश करणारे असते. पोल्डरमधील जहाजे खजिन्याची नव्हती. त्यांत विटा, पीट, धान्य आणि मासे यांसारखा माल होता. स्वयंपाकाची भांडी, चामड्याचे जोडे, सुताराची हत्यारे, चमचे आणि कपड्यांची बटणे होती. माझ्या मते त्यांचे मोल नेमके यातच आहे. राजांच्या आणि कंपन्यांच्या मोठ्या जहाजांचे हिशेब दप्तरांत लिहून ठेवलेले असतात, पण नवरा, बायको आणि मुले ज्या होडीवर वर्षभर राहून माल वाहत, त्या होडीत चूल कुठे मांडली होती किंवा तिथे काय शिजत होते हे लिहून ठेवावे असे कोणाला वाटले नाही. ते या चिखलाने सांभाळून ठेवले.

‘वाटरस्खिप’ या होडीचे उदाहरण घ्यावे. ती जड बांध्याची मासेमारी नौका होती आणि तिच्या पोटात भोके पाडलेला एक कप्पा असे. भोकांतून समुद्राचे पाणी आत-बाहेर खेळत राही आणि पकडलेले मासे बंदरापर्यंत जिवंत राहत. आम्सटरडॅमच्या तोंडाशी असलेल्या पाम्पुस या उथळ पट्ट्यावरून मोठी जहाजे ओढून नेण्याचे कामही याच होड्या करत. पोल्डरमध्ये त्या मोठ्या संख्येने सापडल्यामुळे त्यांची बांधणी पिढ्यान्पिढ्या कशी बदलत गेली हे अभ्यासता आले.

किंवा ‘कॉग’ घ्या. सपाट तळाचे, उंच बाजूंचे, एकच डोलकाठी आणि एकच चौकोनी शीड असलेले हे जहाज उत्तर युरोपच्या मध्ययुगीन व्यापाराचा कणा होते. तरीही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अभ्यासकांना ते मुख्यतः बंदरांच्या शहरमुद्रांवरील चित्रांतूनच माहीत होते. १९६२ मध्ये जर्मनीतील ब्रेमेन येथे नदीत सुमारे १३८० चे एक कॉग मिळाले, आणि त्यानंतर पोल्डरमध्ये सापडलेली अनेक जहाजेही कॉगच असल्याचे स्पष्ट झाले. दक्षिण फ्लेव्होलांडमध्ये नाइकर्क गावाजवळ मिळालेल्या, १३३६ च्या सुमारास बांधलेल्या अशाच एका जहाजावरून कांपेन शहरात पूर्ण आकाराची प्रतिकृती उभारली गेली आणि ती पाण्यात चालते.

असे फक्त नेदरलँड्समध्येच घडते का?

नाही. पण मार्ग वेगळा असू शकतो. पोल्डरमध्ये पाणी काढून जमीन मिळवली. मुंबईत मात्र बेटांमधल्या खाड्या आणि किनारे माती-दगडांचा भराव टाकून बुजवले गेले. भरावाच्या पद्धतीत कधी कधी जहाज हाच भराव होतो. कॅलिफोर्नियात सोने सापडल्याच्या बातमीने १८४९ मध्ये जगभरातून लोक सॅन फ्रान्सिस्कोला आले, खलाशीही जहाजे सोडून खाणींकडे पळाले, आणि बंदरात शेकडो जहाजे बेवारस उभी राहिली. त्यांतली काही गोदामे झाली, काही भरावात गाडली गेली आणि वर शहर उभे राहिले. ‘नायँटिक’ हे जहाज १८५१ च्या आगीत जळाले आणि त्याचा तळ इमारतींच्या खाली राहिला. ‘जनरल हॅरिसन’ २००१ मध्ये बांधकामात सापडले. ‘रोम’ नावाच्या जहाजाच्या सांगाड्यातून तर १९९४ मध्ये भुयारी रेल्वेचा बोगदाच गेला.

न्यूयॉर्कमध्ये जुलै २०१० मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जागेवर खोदकाम चालू असताना अठराव्या शतकातील एका जहाजाचे अवशेष मिळाले. वर सांगितलेल्या वलयांच्या पद्धतीने त्याचे ओक लाकूड फिलाडेल्फिया परिसरातील आणि १७७३ च्या सुमारास तोडलेले असल्याचे निष्पन्न झाले. भारतातही एक उदाहरण आहे. केरळच्या अलप्पुळा जिल्ह्यातील कडक्करप्पळ्ळी येथे, आज चहूबाजूंनी जमीन असलेल्या जागी, १८ मीटरहून लांब असे एक मध्ययुगीन लाकडी जहाज सापडले आणि २००३ मध्ये त्याचे उत्खनन झाले. तिथे माणसाने समुद्र हटवला नव्हता. गाळ साचून किनाराच पुढे सरकला होता.

मग ही सगळी जहाजे बाहेर काढून संग्रहालयात का ठेवत नाहीत?

कारण बाहेर काढलेले जहाज वाचवणे हे ते शोधण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. शतकानुशतके भिजलेल्या लाकडाच्या आतले कोश पोकळ झालेले असतात आणि त्यांत भरलेल्या पाण्यानेच त्याचा आकार टिकलेला असतो. काकडीची फोड उन्हात ठेवली तर ती जशी आक्रसून वेडीवाकडी होते, तसे हे लाकूड उघड्यावर वाळले की चिरते, पिळवटते आणि काही ठिकाणी त्याचा भुगा होतो.

उपाय मोरावळ्यासारखा आहे. मोरावळ्यात आवळ्यातले पाणी हळूहळू बाहेर पडते आणि त्याच्या जागी पाक शिरतो, म्हणून आवळा भरलेला राहतो. पण सुरुवातीलाच दाट पाकात टाकला तर तो सुरकुततो. जहाजाच्या लाकडावरही पॉलिएथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या, पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाचा मारा करतात आणि त्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवत नेतात. याला किती वेळ लागतो? स्वीडनचे ‘वासा’ हे युद्धजहाज १९६१ मध्ये पाण्याबाहेर काढले गेले आणि त्यावर ही फवारणी १७ वर्षे चालली. त्यानंतर ते वाळायला आणखी वर्षे लागली. एका जहाजासाठी इतका काळ, इतकी जागा आणि इतका पैसा लागत असेल तर ४०० जहाजांचे तसे करणे कोणत्याही देशाला शक्य नाही. त्यामुळे निवडक जहाजेच जतन झाली, काही लेलीस्टाडच्या बटाव्हियालांड संग्रहालयात पाहायला मिळतात. पुष्कळांची मोजणी, रेखाटने आणि लाकडाचे नमुने घेऊन त्यांचे उत्खनन पूर्ण झाले, म्हणजे ती कागदावर उरली आणि जमिनीतून गेली.

निदान उरलेली तरी आहेत तिथे राहू द्यावीत

हा आक्षेप अगदी रास्त आहे, आणि पुरातत्त्वशास्त्राचा आजचा कलही तसाच आहे. पण पोल्डरमध्ये ‘आहे तिथे राहू देणे’ म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे, कारण तिथे काहीच न करणे हीच नासाडी ठरते.

शेतीला मुळांपाशी हवा लागते, म्हणून पोल्डरमध्ये भूजलाची पातळी मुद्दाम खाली ठेवली जाते. जहाजाला नेमके उलटे हवे असते. बरणीतले तेल खाली गेले की वरच्या फोडी उघड्या पडतात. भूजल खाली गेले की जहाजाचा वरचा भाग हवेच्या संपर्कात येतो आणि सहाशे वर्षे टिकलेले ओक काही दशकांत मऊ होऊन जाते. कुंपणाचा लाकडी खांब नेहमी जमिनीलगतच कुजतो, खोल मातीत नाही, हे शेतकऱ्याला माहीत असते. कधी ओले आणि कधी कोरडे राहणारा तो पट्टा जहाजाच्या अंगातून जाऊ लागतो.

दुसरी अडचण जमीन खचण्याची. तळे आटले की त्याचा तळ आक्रसून भेगाळतो, तशीच पाणी काढलेली चिकणमाती घट्ट होत बसत जाते. फ्लेव्होलांडच्या काही भागांत जमीन अशी एक मीटरहून अधिक खाली गेली आहे. जहाजावरचा मातीचा थर यामुळे पातळ होत जातो, आणि जे लाकूड पूर्वी नांगराच्या फाळाच्या बरेच खाली होते ते हळूहळू फाळाच्या आवाक्यात येते.

म्हणून तिथे एक वेगळा उपाय काढला गेला, आणि तो समजायला महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला मुळीच वेळ लागणार नाही. आपण शेततळ्याला प्लास्टिकचा कागद घालतो तो पाणी जमिनीत मुरू नये म्हणून. तिथे जहाजाभोवती खोल चर खणून त्यात तसाच कागद भिंतीसारखा उभा सोडतात, तो खालच्या पाणी न सोडणाऱ्या थरापर्यंत नेतात, आणि वर मातीचा ढिगारा रचतात. आत पडलेले पावसाचे पाणी आतच राहते. भोवतालच्या शेतात भूजल कितीही खाली गेले तरी जहाजापुरते एक भूमिगत तळे टिकून राहते. काही अवशेष तर मूळ जागेवरून उचलून भूजल उंच असलेल्या जागी पुन्हा पुरण्यात आले.

यावर करदात्याचा प्रश्न येतोच: जे कोणाला दिसणार नाही त्यावर खर्च कशासाठी? याला माझे उत्तर साधे आहे. १९४० च्या दशकात खणलेल्या जहाजांच्या नोंदी त्या वेळच्या ज्ञानाइतक्याच आहेत. तेव्हा लाकडाच्या वलयांवरून त्याचा मूळ प्रदेश ओळखण्याची सोय नव्हती, आणि कॉग म्हणजे नेमके काय याची स्पष्ट कल्पनाही नव्हती. जे तेव्हा खणून संपवले त्याला आज नवे प्रश्न विचारता येत नाहीत. जे मातीत ओले आहे त्याला विचारता येतात.

लेलींच्या योजनेतला आणखी एक मोठा पोल्डर, मार्कर्वार्ड, कधी झालाच नाही. त्यासाठी लागणारा बंधारा १९७० च्या दशकात बांधून झाला, पण पाणी उपसण्याचा बेत वाद घालत घालत मागे पडला आणि अखेर सोडून देण्यात आला. तिथे आज मार्कर्मेर हे सरोवर आहे आणि त्याच्या गोड्या पाण्याखालच्या गाळात रुतलेली जहाजे तशीच आहेत. त्यांच्यावरून फावडेही फिरलेले नाही आणि भूजलाची पातळीही घसरलेली नाही. बंधाऱ्याच्या अलीकडे, फ्लेव्होलांडच्या शेतांत, पिकांच्या मधोमध एखादा गवताळ उंचवटा दिसतो. त्याच्या कडेला जहाजाचे चित्र लावलेला खांब असतो आणि मातीतून वर आलेल्या बारीक नळ्या असतात, ज्यांतून आतले पाणी किती खोलीवर आहे हे मोजले जाते. शेतकरी आपला ट्रॅक्टर त्या उंचवट्याला वळसा घालून नेतो.